पेपरने पुसलेली खिडकी

वडिलांच्या जुन्या गाडीच्या खिडक्यांना काल मिस्त्रींनी काचांऐवजी प्लास्टिक बसवलं. तशी काच आता मिळत नाही, आणि शोधत फिरायचं त्राण माझ्यातही उरलेलं नाही. “वजनाला हलकं आहे साहेब. फक्त पेपरने पुसू नका, चरे पडतील,” मिस्त्री म्हणाले.

वडील रोज सकाळी आदल्या दिवशीचा पेपर भिजवून काचा पुसायचे, गोल गोल. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. प्रेमाने नाही, सवयीने करत राहिलो. आजही अर्धी खिडकी पुसून झाल्यावर मिस्त्रींचं बोलणं आठवलं. प्लास्टिकवर बारीक गोल चरे उमटले होते, थेट वडिलांच्या हाताच्या वळणाचे. काचेने इतक्या वर्षांत त्यांची एकही खूण ठेवली नव्हती.

उरलेली अर्धी खिडकीही मग मी पेपरनेच पुसली.