तेविसावा नकार

जर्मनीतल्या झेल्ब गावात पोस्टमननं कुणाच्या दारात जाड पाकीट टाकलं की शेजारीपाजारी उगाच हवापाण्याच्या गोष्टी काढत. जाड पाकीट म्हणजे नोकरीच्या अर्जाची फाइल फोटोसकट परत. नकार. जीव अडकायचा तो पातळ पाकिटात, कारण मुलाखतीचं बोलावणं एका कागदात मावतं.

रोस्वितानं चिनी मातीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं कपांना सोनेरी कड काढली. कारखाना बंद पडला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. वर्षभरात तेवीस अर्ज केले, बावीस जाड पाकिटं आली. उरलं काय, तर वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि त्यांची पितळी घंटी. घंटी वाजली की हातातलं टाकून वर धावायचं. कारखान्यातली बाई निदान संध्याकाळी सुटते. हिला सुटका कसली! नोकरी लागली की आईसाठी नर्स ठेवू, असं नवरा लोथार म्हणाला होता. त्या एका शब्दावर ती तग धरून होती.

मे महिन्यात दोघांचा मिळून टॅक्सचा फॉर्म भरायचा होता. फोटो, फाइली, टपाल असा नोकरी शोधण्याचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, पण पुरावा लागतो. आणि पुरावा कुठला, तर नकाराची पत्रं! जी चुलीत घालायची, ती तारीखवार लावून जपायची. धन्य ते सरकार.

“तेविसावं कुठंय रे? त्या दिव्यांच्या कारखान्याचं?”

“सोड ना एक,” लोथार म्हणाला. “एका कागदानं काय आभाळ कोसळणार आहे?”

“सत्तावीस वर्षांत एक कड सोडली नाही मी. कागद सोडीन होय?”

तिनं तिथंच फोन लावला. “बाई, तुम्ही मला नाही म्हणालात ना, तेवढं लेखी द्या. टॅक्ससाठी हवंय.”

पलीकडची बाई हसली आणि कागद चाळू लागली. “अहो, पण आम्ही नाही कुठं म्हणालो? नोव्हेंबरात तुम्हाला बोलावणं धाडलं होतं. तुमच्या यजमानांनीच फोन करून कळवलं की तुमचा विचार बदललाय.”

रोस्वितानं फोन ठेवला. लोथार साखरेच्या भांड्याकडे बघत बसला होता.

“आईला परक्या हातचं चालत नाही गं,” तो म्हणाला. “मी तरी काय करणार?”

रोस्वितानं अर्जांची यादी पुढं ओढली. संतापातही पेन सरळ धरलं. सवय होती हातांना. तिनं यादीत सावकाश लिहिलं: तेवीस, दिव्यांचा कारखाना, नकार, पतीकडून.

“हे असं सरकारला पाठवणार तू?”

“दोघांच्या सह्या लागतात. कर.”

वर घंटी वाजली. लोथार जागचा हलला नाही. त्या आवाजाला उठायची त्याला सवयच नव्हती. घंटी पुन्हा वाजली. त्या म्हातारीचा काय दोष? रोस्वितानं पेन त्याच्यापुढं ठेवलं आणि ती जिना चढू लागली.