आत्यासाठी लावलेली धार

आत्या गेली त्याला आता महिना होत आला. 'निघून ये' एवढीच तार अण्णांनी, माझ्या वडिलांनी, पुण्याला केली होती. मी रत्नागिरीला पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. आजारपणात उठून बसवत नव्हतं, म्हणून न्हाव्याला बोलावणं थांबलं होतं. माझा हात धरून तिनं तो पदराखाली डोक्यावर नेला. "बघ गो, किती आलेत?" पेरभर पांढरे केस होते, मऊ. "पुष्कळ आलेत," मी म्हटलं. आत्या हसली... तिला अशी हसताना मी कधी पाहिल्याचं आठवत नाही.

यमूआत्या अण्णांची धाकटी बहीण. राजापूरला दिली होती. ऐन विशीत नवरा गेला आणि ती केशवपन होऊन माहेरी परतली. न्हाव्याचा वस्तरा गावभर फिरलेला. पहिल्याच खेपेला तिचं डोकं सोलवटून निघालं. अण्णांचा फार जीव तिच्यावर. त्यांनी तिच्यासाठी वेगळा वस्तरा घेतला आणि धारेच्या मागे लागले ते कायमचेच. शेजारच्या तांडेलांनी गलबतातून बसऱ्याचा धार लावायचा दगड आणून दिला. वेळणेश्वरला दर्शनाला गेले की अण्णा पुळणीवरून समुद्रफेण, म्हणजे माकुळाचं पांढरं ठिसूळ हाड, वेचून आणायचे आणि धारेसाठी खलात कुटायचे. पुढे भाताच्या तुसाची राख वस्त्रगाळ करून, खोबरेलात कालवून चामड्याच्या पट्ट्यावर चोळायला लागले. स्वतःच्या मनगटावरची लव अलगद निघाली की त्यांचा चेहरा खुलायचा.

खरी परीक्षा मात्र आत्याच्या डोक्यावर व्हायची. न्हावी गेला की मागच्या पडवीत अण्णा तिला विचारायचे आणि ती मान खाली घालून सांगायची, "दगडाचं खरखरलं रे दादा. फेणाची आग होते. राखेचं त्यातल्या त्यात बरं." आमटीत मीठ बरोबर पडलं का, हे सांगावं तसं. लहानपणी मला त्याचं कौतुक वाटे. आता त्या मायेचाच संताप येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

एकदाच ती म्हणाली, "दादा, वाढू दे रे आता केस. कोण बघतंय मला?" तोवर आमच्या आळीतल्या बऱ्याच घरांतून हे बंद झालं होतं. अण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "अगो यमू, ह्या खेपेला तुला कळायचंसुद्धा नाही. राख दोनदा गाळलीय." आत्या उठून आत गेली. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

ती गेली त्या सकाळी जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, केसांनिशी कशी न्यायची? मला वाटलं, निदान आज तरी अण्णा नको म्हणतील. बघते तर ते खुंटीला पट्टा अडकवून वस्तरा परजत होते. "राहू दे ना हो अण्णा आता," मी रडत म्हटलं.

"दुखायला नको गो तिला," ते म्हणाले, आणि वस्तरा न्हाव्याच्या हातात दिला.

परवा पुन्हा जाऊन आले. अण्णा मागच्या पडवीत बसले होते, मांडीवर राखेची वाटी, हातात वस्तरा. मी विचारलं, "आता कोणासाठी, अण्णा?"

"अगो, इथली हवा खारी. नुसता ठेवला तर गंज धरतो."

"धरू दे."

त्यांनी मान हलवली. हात काही थांबला नाही.