दोन गावांचे आटे

नगरपालिकेच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवणाऱ्या त्या एकट्याच बाई. सगळे त्यांना मावशी म्हणत, अगदी नगराध्यक्षसुद्धा. गावाच्या टोकाला पूल, आणि पुलापलीकडे दुसरा देश.

एकदा भर दुपारी पलीकडच्या लाकडाच्या वखारीला आग लागली. आपला अग्निशामक बंब पाच मिनिटांत तिकडे पोचला, पण आपल्या पाइपाचं तोंड त्यांच्या नळाला बसेना. आटेच वेगळे! बादल्यांनी पाणी मारता मारता अर्धी वखार जळाली.

"हात हलवत परत आलो, मावशी," बंबाचा ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला.

मावशींना ते फार लागलं. "दोन्हीकडे बसेल अशी जोडणी मी करते. त्यांच्या नळाचं माप तेवढं आणा."

पण माप मागायचं पत्र आधी आपल्या राजधानीत जाणार, तिथून त्यांच्या राजधानीत, आणि मग पलीकडच्या गावात. "तोवर मी रिटायर होईन!" असं म्हणून शनिवारी मावशी पिशवीत माप घ्यायचा कॅलिपर टाकून पुलावर हजर.

पलीकडच्या शिपायाने पिशवी उघडली. "हे कशाला?"

"तुमची पुढची आग विझवायला."

त्याने हसून सोडलं. तिकडचा फिटर मात्र खडूस. "परवानगीशिवाय नळाला हात लावायचा नाही."

"मग मागते परवानगी. लावू?"

त्यावर त्याने स्वतःच गोदामातून नळाचं जुनं तोंड काढून आणलं. त्यानंतर तासभर दोघं लेथबद्दलच बोलत होते.

पहिली जोडणी गळली. दुसरी चपखल बसली. पुलावर चाचणी घेतली, तेव्हा वारा फिरला आणि दोन्ही नगराध्यक्ष इस्त्रीच्या कपड्यांसकट चिंब झाले. तिकडचे म्हणाले, "चला, पाणी पोचतंय एवढं नक्की!"

महिन्याभरात दोन्ही नगरपालिकांनी ठराव केला: प्रत्येक बंबावर दोन जोडण्या, आणि आग लागली की आधी शेजाऱ्याला फोन, कागद नंतर. वर्षभरात आपल्याकडची बेकरी पेटली. त्यांचा बंब आला, जोडणी बसली आणि फक्त मागची शेड गेली.

त्यानंतरच्या संयुक्त बैठकीत मावशींना बोलायला उभं केलं.

"भाषण काही मला जमत नाही," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही गावांच्या सांडपाण्याच्या पंपांची मापंही वेगळी आहेत. पूर आला तर काय करायचं?"

दोन्ही नगराध्यक्षांनी गुपचूप पेनं काढली.