पंख्यापुरतं भोक

एप्रिलच्या उकाड्यात माझा संगणक तापून सारखा बंद पडू लागला आणि भाषांतराचं काम अडलं. दुकानदाराने नव्या कॅबिनेटचं स्तोत्र म्हटलं. मी जुन्यालाच आणखी एका पंख्यासाठी भोक पाडायचं ठरवलं. अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला मेहुणा हसला. "दाजी, हे लेझरचं काम. कात्रीने पत्रा वाकेल, ग्राइंडरने रंग जळेल." मग मी बारीक दात्यांचं पातं लावून जिगसॉ, म्हणजे हातात धरायची विजेची करवत, चालवला. भोक किंचित लांबट झालं, पण पंखा बसला आणि संगणक पुन्हा बंद पडला नाही. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मी जिगसॉशेजारी कॅबिनेटही मांडलं. मेहुण्याने वाकून पाहिलं. "दाजी, गोल नाहीये."

"हवेची तक्रार नाही," म्हणत मी नेमकं त्या भोकाच्या कडेलाच कुंकू लावलं.