रिव्हर्समधला नवरदेव

आता तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा!

मी कॅनडातून पर्यावरण शिकून नेऱ्याला परतले, ती गाव बदलायच्या निश्चयानंच. सुरुवात केली चुलतभावाच्या, हर्षलच्या लग्नापासून. डीजे नाही, वरात नाही, गाड्यांचा ताफा नाही. एकच गाडी आणि मुहूर्तावर लग्न! हर्षल तयार, त्याची होणारी बायको प्रांजलही तयार. तयार नव्हते ते गव्हाणचे तिचे बाबा.

"वरातीबिगर नवरा? लोकांना वाटंल पोराला चोरून आनलाय!"

"काका, नवरा वेळेवर आणायची जबाबदारी माझी."

"आनि नाय आनला तं?"

"तर गावात पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही!"

करवली मीच, ड्रायव्हरही मीच.

गाडी हर्षलच्या वडिलांची, जुनी फोर बाय फोर. त्यांचा जीव की प्राण. अवकाळी पावसानं अंगणात चिखल झालेला. मी ऐटीत छोटा लिव्हर ओढून गाडी फोर-लोमध्ये टाकली. वेग कमी, जोर दांडगा! गाडी डौलात बाहेर. मग हर्षलला व्याख्यान दिलं, "चिखलात चाकं घसरतात, म्हणून चारी एकत्र जुंपली तरी चालतात. पण कोरड्या डांबरावर फोर-लो काढायचाच! वळताना प्रत्येक चाकाला वेगळं अंतर कापायचं असतं. ते जमलं नाही, की सगळा ताण आतल्या गिअरांवर आणि शाफ्टवर."

व्याख्यान इतकं रंगलं, की फोर-लो काढायचा राहूनच गेला! आणि फोर-लोचा दिवा? तो डॅशबोर्डवरच्या झेंडूच्या हाराखाली.

डांबरावर गाडीचा आवाज विमानाचा आणि वेग बैलगाडीचा.

"ताई, सायकलवाला पुढं गेला."

"जाऊ दे. सावकाश गेलं की धूर कमी होतो."

पनवेलच्या नाक्यावर मागे ही भली मोठी रांग! फुलांनी सजलेली गाडी, आत फेटेवाला नवरा, मुंगीची चाल. लोकांना काय वाटणार, सांगा? मागच्या टेम्पोत कुठल्याशा लग्नाला निघालेले बँडवाले होते. त्यांना राहवेना. लागले की वाजवायला! रिक्षावाले उतरून नाचू लागले. मी खिडकीतून ओरडले, "अहो, ही वरात नाहीये!"

मासळीची पाटी सांभाळत नाचणारी एक मावशी म्हणाली, "मंग काय हाय गो बाय, मयत?"

गव्हाणला पोचलो तेव्हा मुहूर्त तोंडावर आलेला. मांडवाकडे वळले, तर स्टिअरिंग दगडासारखं जड! चाकं टुणटुण उड्या मारतायत, खालून कडकड आवाज येतोय. दचकून ब्रेक दाबला, हार घसरला आणि दिवा दिसला.

लिव्हर ढकलला, तर जागचा हलेना. आत ताण साठला की तो असाच अडकून बसतो. वळण आणखी रेटलं आणि हर्षलच्या वडिलांच्या गाडीचं काही मोडलं तर?

उपाय मला तोंडपाठ होता. स्टिअरिंग सरळ करून गाडी थोडी मागे घ्यायची, ताण उतरतो. घेतली मागे. समोर ओवाळायला ताट घेऊन प्रांजलची आई उभी, आणि मी नवऱ्यासकट मागे मागे!

"अरं, नवरा पलाला! पकरा त्याला!"

अख्खं वऱ्हाड धावलं. दोन मामा बॉनेटवर आडवे झाले. हर्षल खिडकीतून कळवळून ओरडला, "मी नाय पळत! ही नेतेय मला!"

खट्! लिव्हर सुटला. मी विजयी मुद्रेनं मान वर केली, तर समोर हिरव्या शालूत साक्षात प्रांजल.

"ताई, गारी बंद करा. आनि माझा नवरा खाली उतरवा."

उतरवला. चालत गेला. अक्षता मात्र मुहूर्तावर पडल्या! तिचे बाबा तर खूश, "शब्द पाललास गो बाय. आनि पनवेलात वरात बी झाली म्हनं!"

आता गव्हाणातल्या आणखी दोन घरांनी ठरवलंय, डीजे नाही, एकच गाडी. माझा आनंद गगनात मावेना! परवा त्यातल्या एका घरचे पत्रिका द्यायला आमच्याकडे आले. त्यांच्यातल्या आजोबांनी माझ्या हातात पत्रिका ठेवली, प्रेमानं डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले,

"तुजीच कल्पना हाय पोरी, तू यायचाच. पन रिक्षानं ये."