आत्याच्या चाकूची धार

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. रविवारी दुपारी लोक झोपा काढतात, मी स्कूटी काढते. दौंडातल्या नाहीतर शिरूरच्या भंगारवाल्याकडं जाते आणि लोखंडाच्या ढिगात हात घालते. शोधायचं काय, तर झाडांवर कलमं करायचे जुने चाकू. खिशात मावणारे, मिटणारे, लाकडी नाहीतर शिंगाच्या मुठीचे. तळेगाव ढमढेरेच्या बाजारात एकदा जुन्या कुलपांच्या पाटीत असा एक दिसला, तेव्हा मी चक्क किंचाळले होते. ‘बाकीच्या बायका साड्या घेतात, आमची चाकू घेते,’ असं माझा नवरा आल्यागेल्याला सांगतो. सांगू दे बापडा. चाकूंसाठी मी खण पाडलेला सागवानी डबा करून घेतलाय, आत हिरवी मखमल. त्यांना पुसते, तेल लावते, ओळीत मांडते. आता लाज वाटते सांगायला, पण त्यातल्या एकाही चाकूनं मी आजवर साधी काडी कापलेली नाही.

मला मिळालेला सगळ्यात देखणा चाकू माझ्या आत्याचा. आत्या इनामगावच्या अलीकडं घोड नदीच्या काठाला राहते. उभा जन्म तिनं रोपवाटिकेत डोळे भरले. म्हणजे रानबोरीच्या रोपाची साल चिरायची, चांगल्या बोरीच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि वर पट्टी बांधायची. आत्याच्या हातचा डोळा सहसा वाया जायचा नाही. तिची एकच खोड होती. डोळे भरताना ती कायम लोकांकडं पाठ करून, कुंपणाकडं तोंड करून बसायची. आम्ही पोरं जवळ गेलो की ढेकूळ उचलायची. आपलं कसब कुणी चोरू नये म्हणून आत्या असं करते, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी मी तो चाकू तिच्याकडून गोड बोलून काढून घेतला. ‘आता तुझ्याच्यानं काम होतंय का आत्या? माझ्याकडं जपून तरी राहील.’ तिनं तो बराच वेळ हातात फिरवला आणि मग दिला. मी घरी आणून डब्यात ठेवला आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाला घासलेली असते, दुसरं अंग सपाट. माझ्या सगळ्या चाकूंची धार उजव्या अंगाला, ह्या एकट्याची डाव्या. कुठल्यातरी अडाणी धारवाल्यानं वाट लावली, असं मी ठरवूनच टाकलं. आत्याला एक फोन करून विचारावं, तर ते नाही. तीन दिवस कसेबसे काढले, चौथ्या दिवशी शिरूरला जाऊन चाकावर धार उजव्या अंगाला करून घेतली. डबा उघडून बघितला, सगळे एकसारखे दिसले, तेव्हा कुठं मला झोप लागली.

गेल्या आषाढात, शनिवारी सकाळी आत्याचा फोन आला.

‘माझा चाकू घिऊन ये. बांधावरची बोर सोमवारी जेसीबीनं काढायचीय. दिराचा पोरगा ऊस लावतोय, त्याला बोरीची सावली नको.’

ती बोर म्हणजे लग्नानंतर आत्यानं भरलेलं पहिलं झाड. तिच्या बोरांची चव मी दुसरीकडं कुठं चाखली नाही. ते झाड वाचवायचं तर एकच वाट होती, त्याचे डोळे दुसऱ्या रोपांवर बसवायचे. आत्यानं रानबोरीची पाच रोपं पिशव्यांत तयार ठेवली होती.

रविवारी सकाळीच मी हजर. काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. आत्यानं चाकू उघडला, माझ्याकडं पाठ केली आणि कुंपणाकडं तोंड करून बसली. पहिल्या डोळ्याला चाकू लाकडात बुडाला, डोळा चिरला. दुसऱ्याला वर उसळला. तिसराही गेला.

‘आगं, ह्याला काय झालंय?’

मी मोठ्या ऐटीत म्हणाले, ‘धार उलटी होती की त्याची! मी सुधारून घेतली.’

आत्या वळली, तेव्हा मला दिसलं. चाकू तिच्या डाव्या हातात होता.

‘आत्या, डाव्या हातानं?’

‘व्हय. नवी नवरी हुते तवा डाव्या हातानं भाकरी थापली म्हणून सासूनं उलथनं तापवून लावलं. म्हणायची, ह्या हातानं लावलेलं काय जगत न्हाई. मग समदं उजव्यानं शिकले. पर डोळा काय उजव्यानं बसंना. म्हणून पाठ करायची. रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळ्यानं तेवढं वळखलं. कुणाला न सांगता त्यानं ह्यो चाकू माझ्या हाताचा करून दिला.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ताडकन उठले, किल्ली घेतली. ‘शिरूरला जाते. तासाभरात होती तशी करून आणते.’

‘बस खाली! निम्मं पातं खाल्लं त्या चाकानं. आता न्हाई द्यायचा कुणाच्या हातात.’

कुणाच्या म्हणजे माझ्याच. आत्यानं ओसरीवर दगड मांडला, पाण्याचा तांब्या घेतला आणि घासायला लागली. सकाळ गेली, दुपार झाली. माझा जीव टांगणीला. काड्या सुकल्या तर? उद्या तर झाडच नाही! मी दहादा फडकं भिजवलं, बांधावर जाऊन बोर बघून आले, घड्याळ बघितलं, परत बांधावर गेले.

‘भिंगरी लागल्यागत फिरू नगं,’ आत्या मान वर न करता म्हणाली. ‘तुझ्या असल्या घाईनंच ही पाळी आली.’

ती रस्त्याकडं तोंड करून बसली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेवढ्यात दिराची सून धुण्याची बादली घेऊन आली आणि थबकली. ‘अगं बाई! काकी, डाव्या हातानं?’

‘डाव्याच. जन्मापासनं.’

सुनेनं बादली खाली ठेवली आणि घरातल्यांना बघायला हाका मारल्या. आत्याचा हात काही थांबला नाही.

उन्हं कलली तेव्हा तिनं पातं अंगठ्यावरून फिरवलं आणि काडी उचलली. ह्या खेपेला डोळा सालीसकट अलगद निघाला. पाचही रोपं तिनं तिथंच, सगळ्यांच्या देखत भरली. मी पट्ट्या कापून दिल्या, तेवढीच माझी मदत. सोमवारी जेसीबीनं बोर मुळासकट उपटली. त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत, म्हणे.

पुढचे तीन आठवडे मी रोज फोन करून आत्याला भंडावलं. शेवटी चाकूंचा डबा घेऊन गेलेच. चार डोळे हिरवे होऊन फुटले होते. पाचवा काळा पडला होता. ‘त्या रोपाची साल मी सकाळीच चिरली हुती,’ आत्या म्हणाली. ‘तुझ्या धारेनं.’

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. पण मूळ स्वभाव कुठं जातोय? निघताना डब्यातला तो रिकामा खण बघून राहवेना. मी हात पुढं केला. ‘काम झालं असेल तर नेऊ का गं परत?’

आत्यानं चाकू पदराला पुसला, मिटला आणि कनवटीला खोचला.

‘शोभेला उजवे हायेत की तुझ्याकडं,’ ती म्हणाली. ‘माझ्याकडं ह्यो एकच हाय.’