भर पावसात ताजा सरंगा

मंडळी, आज आपल्या वेब डेव्हलपर कम्युनिटीत कोड थोडा आणि माझी आई जास्त.

मालवणात आमची छोटी खाणावळ आहे. तिची वेबसाइट मी उन्हाळ्यात केली आणि पहिल्याच पानावर ठोकून दिलं, 'रोज ताजा सरंगा', म्हणजे आमचं पापलेट. आज दुपारी तेवढं वाचून पुण्याचे एक आजी-आजोबा भिजत दारात उभे. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या कधीच्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली गेल्यात, घरात सरंग्याचा काटासुद्धा नाही.

आईने मला आत ओढलं. "रे, ह्या काय लिवलंस? आता सरंगो खंयसून हाडू?"

मग तिने कुळथाची पिठी केली, सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, भाजून कांदा-खोबऱ्यात कालवली. आजोबांनी पिठी पुन्हा पुन्हा मागून घेतली, तेव्हा कुठे आईचा चेहरा खुलला.

म्हणून सांगतो, रोज बदलणारा मजकूर पानातच कोंबू नका. तो वेगळ्या फाइलीत ठेवा आणि पीएचपीच्या पानात एवढीच ओळ लिहा:

include 'menu.txt';

तुम्ही काय काय ठोकून ठेवलंय, बघा जरा.

संध्याकाळी ती नवी फाइल उघडून मी आईला विचारलं, काय लिहू?

ताटं पुसता पुसता ती म्हणाली, "लिव, आज मासो नाय. तरी येवा."